गोष्टीतील चेरी आणि तळघरातील चेरी

जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीचे झाड ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असा विद्यार्थी आपल्या शाळांतून विरळाच. लहानग्या जॉर्जला नवी कुऱ्हाड मिळाली, तिची धार पाहण्याच्या भरात त्याने वडिलांच्या आवडत्या चेरीच्या झाडावर घाव घातला, आणि वडिलांनी विचारताच न कचरता आपला अपराध कबूल केला, अशी ती गोष्ट. सत्यवचनाचा धडा देण्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गोष्ट गोड आहे, तात्पर्यही निर्दोष आहे. अडचण एवढीच की, ती घडल्याचा पुरावा नाही. वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर मेसन लॉक वीम्स या फिरत्या पुस्तकविक्रेत्या पाद्र्याने त्याचे चरित्र लिहिले. १८०६ साली निघालेल्या त्या चरित्राच्या आवृत्तीत ही कथा अवतरली. इतिहासकार ती रचलेलीच मानतात. सत्याचा महिमा गाण्यासाठी कल्पिताचा आधार घ्यावा लागावा, हा एक विलक्षण विरोधाभास होय!

आता दुसऱ्या चेरीकडे वळू. २०२४ साली त्याच वॉशिंग्टनच्या राहत्या घराच्या तळघरात, विटांच्या फरशीखाली, काचेच्या बाटल्यांत भरून ठेवलेल्या खऱ्याखुऱ्या चेरी सापडल्या. त्या अडीचशे वर्षे तेथे निवांत पडून होत्या. गोष्टीतील चेरी आपण शंभरदा ऐकली आहे. तळघरातील चेरीची वार्ता मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या कानी गेली नाही. माझे मत असे की, इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोहोंपैकी दुसरीच अधिक मोलाची आहे. थोर पुरुषाचे घर पाहावयाचे तर केवळ दिवाणखाना पाहून परतू नये. तळघरापर्यंत उतरावे, आणि तेथे जे दिसेल ते मोकळ्या मनाने सांगावे. असे का म्हणतो, ते या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम त्या घराची ओळख करून घेतली पाहिजे. अमेरिकेच्या राजधानीच्या दक्षिणेस सुमारे पंधरा मैलांवर, व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन नावाची हवेली उभी आहे. जॉर्जचा पिता ऑगस्टिन याने १७३४ साली येथे एक बेताचे घर बांधले. पुढे ते जॉर्जच्या थोरल्या सावत्र भावाकडे, लॉरेन्सकडे, गेले. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर १७५४ साली जॉर्जने ती जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि १७६१ मध्ये तो तिचा मालक झाला. त्याने घर दोन वेळा वाढविले व त्यास आजचे एकवीस खोल्यांचे भव्य रूप दिले. १४ डिसेंबर १७९९ रोजी तो निवर्तला, तोही याच घरात. हवेलीच्या बाह्यांगाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुरून पाहणाऱ्यास तिच्या भिंती दगडी चिऱ्यांच्या वाटतात. वस्तुतः त्या लाकडी फळ्यांच्या आहेत. फळ्यांच्या कडा तासून त्यांना चिऱ्यांचा आकार दिला आणि ओल्या रंगावर वाळू उडवून दगडाचा खरखरीतपणा आणला. दर्शनी भागावरून घराची परीक्षा करू नये, हा धडा हे घर स्वतःच देते.

वॉशिंग्टननंतर त्याच्या वारसांना एवढा मोठा पसारा सांभाळणे जड जाऊ लागले व घर मोडकळीस आले. तेव्हा अॅन पामेला कनिंगहॅम या बाईने पुढाकार घेऊन १८५३ साली स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. या संस्थेने वर्गणी जमवून १८५८ साली दोन लक्ष डॉलरला हवेली व सभोवारची दोनशे एकर जमीन विकत घेण्याचा करार केला. आजही ती हवेली त्याच स्त्रीसंस्थेच्या ताब्यात आहे आणि तिचा कारभार सरकारी अनुदानावाचून चालतो. अलीकडे या संस्थेने हवेलीच्या जीर्णोद्धाराचे सुमारे चार कोटी डॉलर खर्चाचे काम हाती घेतले. पाया व तुळया बळकट करावयाच्या, ओल थांबवावयाची, घरातील हवा सम राखणारी नवी योजना बसवावयाची, असे ते काम. त्यासाठी तळघराची जमीन उकरणे प्राप्त होते. परंतु कामगारांची पहार लागण्यापूर्वी तेथे पुरातत्त्वज्ञांनी आपली लहानशी थापी घेऊन बसावे, आणि माती थराथराने तपासून मगच जागा मोकळी करून द्यावी, असा दंडक संस्थेने पाळला. पुढे जे हाती लागले, ते या दंडकाचे फळ होय.

२०२३ साल संपत आले असता तळघराच्या फरशीखाली दोन अखंड बाटल्या उभ्या पुरलेल्या सापडल्या. आत पातळ द्रव होता. त्याला चेरीच्या फुलोऱ्याचा गंध येत असल्याचे संशोधकांनी सांगितले. पुढील वर्षी शोध आणखी वाढविता जमिनीत पाच खड्डे आढळले, आणि त्यांतून पस्तीस बाटल्या निघाल्या. पैकी एकोणतीस धड होत्या. काहींत चेरी होत्या, काहींत गूजबेरी किंवा करंट जातीची असावीत अशी लहान आंबट फळे होती. चेरींचे देठ कात्रीने कापावेत तसे नीटस कापलेले होते. बाटल्या तत्काळ प्रयोगशाळेत नेण्यात आल्या, आतील फळे शीतकपाटात ठेवण्यात आली, आणि अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांच्या साह्याने त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करण्याचे ठरले. दोन शतकांपूर्वी त्या भागात चेरीची कोणती जात लावीत, हे त्यातून कळू शकेल.

फळे इतका काळ टिकली कशी? त्या वेळी शीतकपाट नव्हते. उष्णता देऊन अन्न बंद डब्यांत वा बाटल्यांत टिकविण्याची कृती निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थाने १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. म्हणजे ती तर पुढची गोष्ट. त्यापूर्वीची रीत साधी होती. ताजी, न डागलेली फळे कोरड्या बाटलीत भरावयाची, बूच घट्ट बसवावयाचे, आणि बाटली थंड जागी, शक्य तर जमिनीत, ठेवावयाची. हवा आत शिरू दिली नाही आणि उष्णतेपासून जपले म्हणजे फळ टिकते, एवढे अनुभवाने ठाऊक होते. आपल्याकडील गृहिणी लोणच्याची बरणी कोरडी करून, तोंडावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवते, त्यामागेही अनुभवाचे असेच शहाणपण आहे. माउंट व्हर्ननच्या तळघरातील थंड मातीने त्या शहाणपणाला अशी साथ दिली की, वर्षभरासाठी केलेली बेगमी शतकांना पुरून उरली.

येथे कोणी विचारील, या बाटल्या वॉशिंग्टनच्याच काळच्या कशावरून? या प्रश्नाचे उत्तर पुरातत्त्वाच्या पद्धतीत आहे. बाटल्यांचा घाट पाहून त्या युरोपात १७४० ते १७६० च्या दरम्यान घडविलेल्या आहेत असे तज्ज्ञांनी ठरविले. तेव्हा त्या त्याहून आधी पुरल्या जाणे शक्य नाही. दुसरीकडे, त्यांच्यावर असलेली विटांची फरशी १७७० नंतरच्या दशकात बसविलेली होती. अखंड फरशीखालची वस्तू फरशीनंतरची असू शकत नाही. खालची बाटली आणि वरची वीट या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळविल्या म्हणजे काळ आपोआप निश्चित होतो: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीची ती वर्षे होत. वस्तूपेक्षा वस्तूची जागा अधिक बोलते, हे पुरातत्त्वाचे आद्यसूत्र आहे. हीच बाटली कोणी घाईघाईने उपटून बाजारात आणली असती, तर ती केवळ एक जुनी बाटली ठरली असती. तिची जीभ कायमची कापली गेली असती.

आपल्याकडे तळघर म्हटले की मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम गुप्तधन उभे राहते. मोहरांनी भरलेले हंडे आणि त्यांवर वेटोळे घालून बसलेला नाग, ही चित्रे आपल्या कल्पनेत फार खोल रुजली आहेत. २०१३ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात डौंडियाखेडा येथे हजार टन सोने पुरलेले आहे असे एका साधूच्या स्वप्नात आले. गावोगावचे लोक तेथे लोटले, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तेथे ऑक्टोबर महिन्यात उत्खनन आरंभिले. सोने निघाले नाही. मातीची खापरे व जुन्या वस्तीच्या खुणा निघाल्या, आणि त्या पाहताच गर्दी पांगली. मला वाटते, निराशेचे खरे कारण मातीत नव्हते. आपण मातीकडे काय मागतो, त्यात होते. सोने कोठेही सारखेच. ते कोणाचे नाव सांगत नाही. खापर मात्र ज्या चुलीवर चढले तिची हकीकत सांगते. ज्यास सोनेच हवे आहे, तो खापर भिरकावून देतो आणि त्याबरोबर ती हकीकतही भिरकावतो.

आता मुख्य प्रश्न. माउंट व्हर्ननच्या तळघरातील ती चेरी कोणाची? मालकीच्या दृष्टीने ती वॉशिंग्टनची, यात शंका नाही. पण झाडावर चढून ती कोणी तोडली? देठ कोणी कापले? बाटल्या कोणी पुसून कोरड्या केल्या, बुचे कोणी ठोकली, तळघराच्या अंधारात खड्डे कोणी खणले? ज्या घरात बोट हलवावयाचे काम दासांकडून होई, त्या घरात ही कामे त्यांच्याच हातून झाली असली पाहिजेत, असे संशोधकांचे मत आहे. १७५९ साली वॉशिंग्टनचा विवाह झाला तेव्हा पत्नी मार्था हिच्याबरोबर जे दास या घरी आले, त्यांत डॉल नावाची एक स्वयंपाकीण होती. घरची पाकशाला तिच्या हाती असे. फळे टिकवून ठेवण्याचे कौशल्य तिच्यासारख्या स्त्रियांचे. त्यांनी स्वतः लिहिलेला शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही; पण नीटस कापलेला तो देठ आला आहे. एवढ्या काळजीने काम करणारी बोटे अडाणी वा आळशी नव्हती, हे तो देठ कोणत्याही लेखापेक्षा स्पष्टपणे सांगतो.

आकडे पाहावेत म्हणजे चित्र पूर्ण होईल. वडिलांच्या मृत्यूनंतर, वयाच्या अकराव्या वर्षी, जॉर्जच्या वाट्याला दहा दास आले. १७९९ साली माउंट व्हर्ननवर ३१७ दास होते. त्यांपैकी १२३ वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे, १५३ पत्नीच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतील, आणि उरलेले बव्हंशी दुसऱ्यांकडून भाड्याने आणलेले. स्वातंत्र्ययुद्धाचा हा सेनापती, नव्या प्रजासत्ताकाचा हा पहिला अध्यक्ष, घरी मात्र माणसांचा मालक होता. 'त्यांना तेथे सुखच होते' असे कोणी म्हणेल तर त्याने हर्क्युलीसची हकीकत वाचावी. हा वॉशिंग्टनचा नावाजलेला स्वयंपाकी. त्याच्या हातच्या पक्वान्नांची पाहुणे तारीफ करीत. १७९७ सालच्या २२ फेब्रुवारीस, म्हणजे नेमक्या वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, तो माउंट व्हर्ननहून पळून गेला, आणि पुन्हा धन्याच्या हाती लागला नाही. भरल्या स्वयंपाकघरातून मनुष्य रिकाम्या हाताने पळतो, तो अन्नाच्या शोधात खचित पळत नाही.

त्याच आवारात आणखी एक तळघर होते, हे येथे सांगितले पाहिजे. हवेलीजवळ दासांच्या कुटुंबांची एक मोठी चाळवजा इमारत होती. ती १७९० नंतरच्या काही वर्षांतच पाडण्यात आली. तिच्या लहानशा तळघरात वर्षानुवर्षे केरकचरा साठत गेला होता, आणि १९८० नंतरच्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी तो उकरून पाहिला. त्यात रानटी जनावरांची, पक्ष्यांची व माशांची हाडे निघाली. बंदुकीचे शिशाचे छरे आणि ठिणगीचे गारदगड निघाले. कपड्यांच्या गुंड्या, चिलमींचे तुकडे आणि एके काळी धन्याच्या मेजावर असावीत अशी चिनीमातीची फुटकी भांडी निघाली. दासांना धन्याकडून मिळणारा शिधा म्हणजे मुख्यतः मक्याचे पीठ आणि खारे मासे. त्यावर भागत नसे, म्हणून दिवसभराच्या राबणुकीनंतर ते स्वतः शिकार करीत, मासे धरीत. हे त्या हाडांनी सांगितले. धन्याच्या तळघरात दासांनी दुसऱ्यासाठी जपून ठेवलेली फळे, आणि दासांच्या तळघरात त्यांनी स्वतःसाठी मिळविलेल्या घासांची हाडे! ही दोन तळघरे शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे त्या घराचा जो इतिहास हाती येतो, तो दिवाणखान्यातील तैलचित्रांतून कधीच मिळाला नसता.

या विचारसरणीवर एक आक्षेप हटकून घेतला जातो. थोर पुरुषांच्या घरची अशी उणीदुणी काढून काय साधणार? मुलांच्या मनातील आदर्श कशाला ढासळवावेत? आक्षेपामागील भावना मी क्षुद्र मानीत नाही. आदर्शावाचून समाज उभा राहत नाही, हे खरेच. परंतु जो आदर्श तळघराचे दार उघडताच ढासळतो, त्याचा पायाच कच्चा म्हटला पाहिजे. वॉशिंग्टनचा आदर्श तसा ढासळत नाही. त्याने आपल्या अखेरच्या वर्षी स्वहस्ताने मृत्युपत्र लिहिले, आणि पत्नीच्या निधनानंतर आपल्या मालकीच्या सर्व दासांना मुक्त करावे, त्यांतील वृद्धांना अन्नवस्त्र द्यावे, अनाथ मुलांना लिहिणे-वाचणे शिकवावे, अशी तजवीज केली. मार्थाने आपल्या हयातीतच, १ जानेवारी १८०१ रोजी, त्यांना मुक्त केले. ज्याला तळघर ठाऊक नाही, त्याला या मृत्युपत्राचे मोल कसे कळणार? चूक झाकली की चूक दुरुस्त करण्याची धडपडही झाकली जाते. आणि हेही सांगितलेच पाहिजे की, मार्थाच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतील दासांना मुक्त करण्याचा अधिकार दोघांसही नव्हता. ते मार्थाच्या मृत्यूनंतर वारसांत वाटले गेले, आणि एकाच कुटुंबातील माणसे एकमेकांपासून दुरावली. सत्य असे मिश्र असते. विद्यार्थ्यांना ते पचत नाही असे मानणे, हा विद्यार्थ्यांच्या बुद्धीचा अपमान होय.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. चार फळे काढण्यासाठी एवढी उस्तवार कशाला? याचे उत्तर असे की, माती तर पायाच्या कामासाठी हलवावीच लागणार होती. ती डोळे मिटून हलवावी की उघडून, एवढाच प्रश्न होता. डोळे उघडून हलविल्याने दिवस अधिक लागतात, पण त्या दिवसांच्या बदल्यात जे मिळते ते पुन्हा कोणत्याही किमतीला मिळत नाही. ग्रंथ एकदा फाटला तर दुसरी प्रत शोधता येते. मातीच्या थरांची दुसरी प्रत नसते. उत्खनन म्हणजे जे पान वाचावयाचे ते वाचता वाचताच फाडीत जाणे. म्हणून ते सावकाश वाचावे लागते आणि वाचलेला प्रत्येक शब्द टिपून ठेवावा लागतो.

हे सारे दूरदेशीचे आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अमेरिकेतील दासांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी समुद्रापलीकडील तळघरात डोकावून पाहिले, ते आपल्या घरातील अंधार दिसावा म्हणून. दीडशे वर्षांपूर्वी मराठी मनुष्याची दृष्टी इतकी दूर पोहोचली होती. आज ती आखूड होण्याचे कारण नाही.

आपल्या बडोद्यातील जुन्या वस्तीत मराठी सरदारांचे आणि कारभाऱ्यांचे कितीतरी वाडे उभे होते. त्यांतील थोडे उरले आहेत. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्याने जपून ठेविला आहे. त्यातील भिंतींवरची रंगीत चित्रे पाहावयास लोक आवर्जून जातात, आणि जावेही. पण चित्रे पाहून जिना उतरताना आपल्यापैकी किती जणांच्या मनात असा प्रश्न येतो की, या वाड्यात पाणी कोण भरीत होते, जाते कोण ओढीत होते, मुदपाकखान्यात पहाटे चूल कोण पेटवीत होते? पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. कंपनी सरकारच्या मुलखात अशा दास्याची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने संपली. अमेरिकेतील गुलामगिरी आणि आपल्याकडील हे दास्य तंतोतंत एकच होते असे नाही; त्यांची रीत निराळी, व्याप निराळा. परंतु माणसाचे नाव हिशेबाच्या वहीत जिनसेप्रमाणे लिहिले जावे, हे दुःख दोन्हीकडे एकाच जातीचे आहे. आपल्या वैभवाचा अभिमान सांगताना ते वैभव कोणाच्या खांद्यावर उभे होते, हेही सांगण्याचे धैर्य आपणांस हवे.

सुदैवाने मातीकडे आदराने पाहण्याची परंपरा आपल्या नगरास आहे. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या वतीने डॉ. बेंडापुडी सुब्बाराव यांनी बडोद्याच्या परिसरात उत्खनन केले व १९५३ साली 'बरोडा थ्रू द एजेस' या नावाने त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. राजवाड्यांच्या कितीतरी आधी या भूमीवर माणसे नांदत होती, हे त्या कार्याने नगरवासीयांच्या दृष्टीस आणले. त्या परंपरेला साजेल असे काही आपण विद्यार्थ्यांनी करावयास नको काय?

करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कुदळ हाती घेण्याचे मुळीच कारण नाही. किंबहुना ती घेऊच नये. खोदणे हे जाणत्यांचे आणि परवानगीचे काम आहे. १८७८ सालच्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे हे सापडणाराचे कर्तव्य ठरते. आपले काम त्याहून सोपे, पण तितकेच निकडीचे आहे. गावात एखादा जुना वाडा उतरविला जाणार असे कळले की, मालकाची अनुमती घेऊन त्याचा नकाशा काढावा, तळघर, कोठीघर, बळद, विहीर, न्हाणी यांची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत. घरातील वृद्धांना विचारावे: येथे काय साठवीत? येथे कोण राबे? त्यांची नावे काय होती? नावे मिळाली तर ती सर्वांत आधी लिहून घ्यावीत. वाडा पाडणाऱ्यांनीही एवढे औदार्य दाखवावे की, तळघर राडारोड्याने भरून टाकण्यापूर्वी आठ दिवस थांबावे आणि विश्वविद्यालयातील एखाद्या जाणत्यास बोलावून दाखवावे. इमारती जुन्या झाल्या म्हणजे पडणारच. सर्वच वाडे राखता येणार नाहीत, हे समजण्याइतका व्यवहार मलाही कळतो. परंतु वाडा पडावा आणि त्याबरोबर त्यातील माणसांची आठवणही गाडली जावी, ही दुहेरी हानी मात्र टाळण्यासारखी आहे.

एक शंका उरते: मग लहान मुलांना ती कुऱ्हाडीची गोष्ट सांगावयाची की नाही? मी म्हणतो, अवश्य सांगावी. फक्त ती गोष्ट आहे असे म्हणून सांगावी, आणि मुले थोडी मोठी झाली म्हणजे तिच्या जोडीला तळघरातील चेरीची हकीकत सांगावी. पहिलीत एक मुलगा सत्य बोलतो असे कोणीतरी आपल्याला सांगितले आहे. दुसरीत माती स्वतः सत्य बोलते. पहिलीत झाड लावणाऱ्याचा आणि फळ तोडणाऱ्याचा उल्लेखही नाही. दुसरीत त्यांच्याच हातांचे ठसे आहेत. सत्याची चाड ही केवळ आपला अपराध कबूल करण्यापुरती नसते. जे आपल्याला सोयीचे नाही, जे दिवाणखान्यात शोभणार नाही, तेही उजेडात आणून त्यास त्याचे नाव देणे, ही सत्यनिष्ठेची मोठी कसोटी आहे. त्या स्त्रीसंस्थेने वॉशिंग्टनचे घर भक्तीने राखले आणि त्याच भक्तीने त्याचे तळघरही उघडून दाखविले. भक्ती आणि सत्य यांत वैर नाही, हे त्या पस्तीस बाटल्यांनी सिद्ध केले आहे. आपल्या वाड्यांच्या तळघरांतही असे साक्षीदार निश्चल पडून असतील. त्यांच्यावर विटांचा आणखी एक थर चढण्यापूर्वी त्यांची जबानी घेणे, हे आपल्या पिढीकडे आलेले काम आहे.